मुका संगणक बोलता करताना

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही "संगणकाचा आवाज" असे सांगितले, आणि ते क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिले. कामगार-चळवळीतल्या माणसाने बोनस, कंत्राटी पद्धत, फार तर महागाई यांवर बोलावे अशी अपेक्षा असते. तीत वावगे काही नाही. शिवाय आमचे शिक्षण शाळेपाशीच थांबले. पुढचे जे काही मिळाले ते कारखान्याच्या दारात, वाचनालयात आणि चुका करून मिळाले. परंतु एका मुक्या यंत्राने आम्हांस असा धडा शिकविला की, तो श्रोत्यांपुढे मांडल्यावाचून राहवत नाही.

हकीगत साधी आहे. आमच्या युनियनच्या कचेरीत दहा वर्षांचा जुना संगणक आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा मोफत आधार संपला. पुढची प्रणाली त्या यंत्रावर बसेना, आणि सभासदांच्या वर्गणीतून नवे यंत्र घेणे मनाला पटेना. एका सभासदाचा मुलगा तंत्रनिकेतनात शिकतो. तो म्हणाला, "काका, लिनक्स टाकू. पैसे पडत नाहीत आणि जुन्या मशीनवर चालतं." त्याप्रमाणे त्याने लिनक्स मिंट बसविली. पत्रे लिहिता येऊ लागली, छपाई होऊ लागली. फक्त आवाज येईना. आम्ही म्हणालो, "राहू दे. इथं कुणाला गाणी ऐकायची आहेत?"

गाणी ऐकणारे कोणी नव्हते, पण वाचणारे होते. अपघातात दोन्ही डोळे गमावलेले आमचे एक सभासद आठवड्यातून दोनदा कचेरीत येतात, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखविणारा कार्यक्रम लावतात आणि आपले अर्ज आपणच टंकित करतात. नुकसानभरपाईच्या प्रकरणातले एक उत्तर त्यांना त्याच आठवड्यात पाठवावयाचे होते. आम्ही सांगितले, "भाऊ, बाकी सगळं चालू आहे, फक्त आवाज नाही." ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमचा पडदा काळा पडला असता, तर बाकी सगळं चालू आहे असं तुम्ही म्हणाला असता का?"

याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ज्याला आम्ही करमणूक समजत होतो, ती त्यांची दृष्टी होती.

लिनक्सवर हे वाचनाचे काम 'ओर्का' नावाचा कार्यक्रम करतो. पडद्यावर काय आहे ते ओर्का जाणतो आणि 'ईस्पीक' त्याचा उच्चार करतो. ईस्पीकचे मूळ जोनाथन डडिंग्टन या गृहस्थांनी १९९५ साली लिहिलेल्या एका लहानशा कार्यक्रमात आहे. आज तो मराठीही वाचतो. उच्चार यांत्रिक आहे, जोडाक्षरांवर तो अडखळतो. पण देवनागरी वाचतो, आणि विकत घ्यावा लागत नाही. मुंबईचे कृष्णकांत माने हे स्वतः दृष्टिहीन. 'ग्नूखाता' या हिशेब ठेवण्याच्या मुक्त कार्यक्रमाच्या उभारणीत त्यांनी पुढाकार घेतला. संगणक बोलता असला म्हणजे दृष्टिहीन माणूस तो नुसता वापरतो असे नव्हे, तर दुसऱ्यांसाठी कार्यक्रम रचतो, याचा हा आपल्या महाराष्ट्रातला दाखला आहे.

आता आवाज का अडतो ते पाहू. आपल्या शहरात हे समजावून देण्यास पाणचक्कीसारखे दुसरे उदाहरण नाही. दूरच्या डोंगराकडील उगमापासून मातीच्या नळांनी पाणी येई, उंच भिंतीवर चढे, तेथून खाली पडे आणि त्याच्या जोरावर जाते फिरे. जाते थांबले तर शहाणा माणूस जात्यावर हातोडी मारीत बसत नाही. पाणी कोणत्या टप्प्यापर्यंत आले आहे, ते तो पाहत जातो. संगणकातला आवाजही असाच टप्प्याटप्प्याने येतो. आम्ही मात्र आरंभी हातोडीच मारली. सारी प्रणाली पुसून दोन वेळा नव्याने बसविली, दोन दिवस घालविले, आणि यंत्र होते तसेच मुके राहिले. तिसऱ्या दिवशी आम्ही व तो मुलगा टप्पे मोजावयास बसलो.

पहिला टप्पा आवाजाच्या चकतीचा, म्हणजे साउंड कार्डचा. ते प्रणालीच्या गाभ्याला दिसते की नाही, हे आधी पाहावे. टर्मिनल उघडून 'एप्ले' हा शब्द, मग जागा सोडून आडवी रेघ व 'एल' हे लहान इंग्रजी अक्षर टंकित केले, की सापडलेल्या कार्डांची यादी येते. यादी रिकामी असेल तर पुढची सारी खटपट व्यर्थ. अशा वेळी यंत्राच्या मूळ मांडणीत कार्ड बंद आहे काय ते पाहावे. अलीकडच्या काही लॅपटॉपना 'साउंड ओपन फर्मवेअर' नावाची जोड लागते. ती नसली तरी कार्ड दिसत नाही. आमच्या यंत्रात एक सोडून दोन कार्डे दिसली. ही खूण आम्ही त्या वेळी ओळखली नाही.

दुसरा टप्पा 'आल्सा'चा. याला थोडा इतिहास आहे. लिनक्सचा जन्म १९९१ चा. पुढच्याच वर्षी फिनलंडच्या हन्नू सावोलाइनेन यांनी आवाजाची पहिली व्यवस्था लिहिली. पुढे तिचा विस्तार व्यापारी अंगाने होऊ लागला, तेव्हा चेक देशातल्या यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ मध्ये आल्साचे काम हाती घेतले. २००३ अखेरच्या २.६ या आवृत्तीपासून ती लिनक्सची मुख्य व्यवस्था झाली. आल्साची एक खोड ध्यानात ठेवावी. नव्या यंत्रावर तिच्या वाहिन्या मूळच्या मुक्या असू शकतात. टर्मिनलमध्ये 'आल्सामिक्सर' उघडले की उभे खांब दिसतात. खांबाच्या तळाशी 'एम एम' अशी अक्षरे असतील तर ती वाहिनी बंद आहे. बाणाच्या कळीने त्या खांबावर जाऊन 'एम' दाबला, की ती उघडते. याच ठिकाणी 'ऑटो-म्यूट' नावाचा एक पहारेकरी असतो. हेडफोन लावला आहे असा त्याचा समज झाला, तर तो कर्णे बंद करतो. आणि जुन्या खाचेत धूळ साचली की असा गैरसमज सहज होतो.

तिसरा टप्पा वाटपाचा. जुन्या व्यवस्थेत पुष्कळदा एका वेळी एकाच कार्यक्रमाला आवाज मिळे. चाळीतल्या एका नळावर एकीची घागर लागली म्हणजे इतरांनी थांबावे, तसा तो प्रकार. अनेकांचे आवाज एकत्र करून पुढे पाठविणारा 'पल्सऑडिओ' २००४ साली लेनार्ट पोटरिंग यांनी सुरू केला. आता त्याच्या जागी विम टायमन्स यांचा 'पाइपवायर' आला असून लिनक्स मिंटने २०२४ च्या बाविसाव्या आवृत्तीपासून तोच घेतला आहे. आवाज कोणत्या कार्डाकडे न्यावयाचा, हे येथे ठरते.

आमचे पाणी याच टप्प्यावर भलत्या वाटेला लागले होते. एका हितचिंतकाने दिलेला पडदा आम्ही एचडीएमआय तारेने जोडला होता. त्या तारेतून चित्राबरोबर आवाजही जातो, आणि त्यासाठी यंत्रात वेगळे कार्ड असते. यादीतले दुसरे कार्ड ते हेच. प्रणालीने सारा आवाज इमानेइतबारे त्या पडद्याकडे पाठविला. पडद्याला हेडफोनची खाच होती, पण कर्णा नव्हता. म्हणजे यंत्र मुके नव्हतेच. जेथे ऐकणारे कोणी नाही तेथे ते बोलत होते! आवाजाच्या मांडणीत जाऊन बाहेर पडण्याची वाट एचडीएमआयवरून यंत्राच्या हिरव्या खाचेवर आणली. तरीही शांतता. पुन्हा आल्सामिक्सर उघडले, 'एफ ६' दाबून मूळ कार्ड निवडले, तर 'फ्रंट' या खांबाखाली 'एम एम'. कळ दाबली, आणि कर्ण्यातून खरखर ऐकू आली.

दोन दोष एकाच वेळी होते, म्हणून एकेक उपाय करूनही गुण येत नव्हता. एक दुरुस्ती केली, फळ दिसले नाही, की आम्ही ती मागे घेत होतो. कामगारांच्या तक्रारींतही असेच होते. दोन कारणे गुंतलेली असतात. एक दूर केल्यावर लगेच फरक दिसला नाही म्हणून माणसे तेही पूर्ववत करून टाकतात.

मुक्त प्रणालीची थोरवी ती फुकट मिळण्यात आहे, असे आम्ही आधी समजत होतो. आता तसे वाटत नाही. तिचा प्रत्येक टप्पा उघडून पाहता येतो, आणि आमच्यासारख्या अल्पशिक्षित माणसालाही दोष कोठे आहे हे विचारता येते, ही तिची खरी किंमत. मात्र मोकळे दार आपोआप कामाला येत नाही. आत जाण्याचे कष्ट घ्यावे लागतात. तेही एकट्याने घेऊ नयेत. त्या मुलाला यंत्र कळत होते, आम्हांस कागदपत्रे कळत होती, पण निकड काय आहे ती भाऊंनीच दाखविली. २०१६ चा दिव्यांग हक्क अधिनियम हे हक्क म्हणून मान्य करतो. कायद्यातला हक्क कचेरीतल्या टेबलावर मात्र आपणच आणावा लागतो.

भाऊंचे उत्तर मुदतीत गेले. ते त्यांनी स्वतः टंकित केले आणि पाठविण्यापूर्वी दोनदा ऐकले. आमच्या कचेरीच्या भिंतीवर आता एक कागद चिकटविला आहे: कार्ड दिसते काय? वाहिनी उघडी आहे काय? वाट कोणती निवडली आहे? तार योग्य खाचेत आहे काय? हे चार प्रश्न याच क्रमाने विचारावेत, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. खाली भाऊंच्या सांगण्यावरून एक ओळ वाढविली आहे. यंत्र नव्याने मांडाल तेव्हा आवाज सर्वांत शेवटी नव्हे, सर्वांत आधी तपासा.