मासे, दूध आणि कोड

माशांवर दूध प्यायलं की अंगावर कोड उठतं, असा समज घरोघरी आहे. त्याचं मूळ आयुर्वेदातल्या ‘विरुद्ध आहार’ (एकत्र खाऊ नयेत असे पदार्थ) या कल्पनेत आहे. चरकसंहितेत मासे आणि दूध एकत्र खाणं वर्ज्य सांगितलं आहे.

कोड मात्र अशा खाण्यानं होत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मेलॅनोसाइट (त्वचेला रंग देणाऱ्या पेशी) नष्ट करते, तेव्हा पांढरे डाग पडतात. राखणदारानं घरच्याच माणसाला चोर समजावं, तसा हा प्रकार. कोड संसर्गजन्यही नाही. आणि खाण्याचंच म्हणाल, तर बंगालमध्ये दह्यातले मासे, युरोपात दूध घातलेलं माशांचं सूप सर्रास खाल्लं जातं.

मासे खाल्ल्यावर लगेच लाल चट्टे उठले, तर ती ॲलर्जी असू शकते किंवा हिस्टामिनची (खाज, लाली आणणारं रसायन) बाधा. बांगडा, तारली बर्फाविना राहिली की त्यांत हिस्टामिन वाढतं आणि शिजवूनही जात नाही. म्हणून मासा ताजा, लाल कल्ल्यांचा, टपोऱ्या डोळ्यांचा पाहून घ्या. आणि कोड असलेल्या माणसाला ‘काय खाल्लं होतंस?’ असं विचारू नका. त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यायला सांगा.