आजी-आजोबा आनंदवनात असताना



दसऱ्याची सुट्टी लागण्याआधी मी प्रत्येक वर्गात विचारते, "यंदा कुठे जाणार?" "आज्जीकडे!" हे उत्तर हमखास येते. कुणाची आज्जी कुद्रेमानीला असते, कुणाची चंदगडला, कुणाची निपाणीला. गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने मलाच उलट विचारले, "मॅडम, तुमची मुलं लहान असताना आज्जीकडे कुठं जायची?" मी म्हटले, "एक वर्ष वरोऱ्याला गेली होती, आनंदवनात." वर्गात कुणालाच आनंदवन ठाऊक नव्हते. म्हणून त्या प्रवासाविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे. आई-वडील निवृत्तीनंतर सेवेसाठी दूर गेले असतील, तर मुलांना त्यांच्याकडे कसे न्यावे, असे अलीकडे दोन-तीन पालकांनीही विचारले होते. त्यांनाही याचा उपयोग होईल.

माझे वडील फौजेत होते. त्यांच्या बदल्यांमुळे पदवीपर्यंतचे माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. (माझ्या मराठीत अधूनमधून हिंदी डोकावते ते त्यामुळेच, चाणाक्ष विद्यार्थ्यांच्या ते लक्षात आलेच असेल.) निवृत्तीनंतर बाबा उचगावात आले, शेती पाहू लागले. आई प्राथमिक शिक्षिका होती, तीही निवृत्त झाली. २०१५ च्या डिसेंबरात दोघांनी जाहीर केले, "आम्ही वर्षभर आनंदवनात राहायला जाणार." बाबा तेव्हा ७१ वर्षांचे होते आणि त्यांना मधुमेह होता.

घरात वादळ उठले. कोल्हापूरचा माझा भाऊ म्हणाला, "लोक म्हणतील, मुलगा सांभाळत नाही म्हणून म्हातारा-म्हातारी आश्रमात गेली." वहिनीची भीती निराळी होती. तिने ती उघड बोलून दाखवली नाही, पण आई-बाबा निघाले त्या दिवशी तिने आपल्या दोन्ही मुलांना त्यांच्या पाया पडायला पाठवले नाही. ते जाणार होते तिथे कुष्ठरोगी होते ना!

आता आनंदवनाविषयी थोडे. मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे झाला. घरची जमीनदारी होती आणि वरोऱ्याला वकिली चालत होती. पावसात गटाराकाठी पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांना दिसला आणि ते घाबरून पळाले. आपण घाबरलो याचीच लाज त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४९ मध्ये त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि कलकत्त्याला जाऊन या रोगाचे शिक्षण घेतले. १९५१ च्या जूनमध्ये पत्नी साधनाताई, विकास व प्रकाश ही दोन लहान मुले, सहा रोगी, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये एवढ्या भांडवलावर ते वरोऱ्याजवळच्या ५० एकर खडकाळ जागेत राहायला गेले. आधी विहीर खणली. पुढे शेती आली, हातमाग आले, सुतारकाम आले, अंध व मूकबधिर मुलांच्या शाळा आल्या, महाविद्यालयही आले. तिथे पिकवलेली भाजी सुरुवातीला गावातले लोक विकत घेत नसत. भीक घ्यायची नाही, काम करायचे, हे बाबांचे सूत्र होते आणि बोटे झडलेल्या हातांनी ते खरे करून दाखवले.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९९० मध्ये बाबा आमटे आणि साधनाताई पुन्हा एकदा भरले घर सोडून निघाले आणि मध्य प्रदेशात बडवाणीजवळ कसरावदला, नर्मदेच्या काठी, धरणग्रस्तांच्या सोबतीला जाऊन राहिले. तेव्हा बाबांचे वय पंचाहत्तरीचे होते. मणक्याच्या आजारामुळे त्यांना बसता येत नसे, एकतर उभे राहायचे नाही तर आडवे पडायचे. घरी नातवंडे होती. धाकटे चिरंजीव डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी २३ डिसेंबर १९७३ पासून भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे माडिया आदिवासींत काम करीत होते. त्यांची मुले दिगंत आणि अनिकेत तिथल्याच आश्रमशाळेत माडिया मुलांसोबत शिकली. आज ते दोघेही हेमलकशातच काम करतात. आजी-आजोबा कामात असणे म्हणजे काय असते, हे त्या घरातल्या मुलांना वेगळे समजावून द्यावे लागले नसेल. आम्हाला मात्र आमच्या मुलांना समजावून द्यावे लागले.

२०१६ च्या दसऱ्याच्या सुट्टीत जायचे ठरले. आपल्या कर्नाटकात मोठी सुट्टी दसऱ्याला, महाराष्ट्रात दिवाळीला. त्यामुळे भावाच्या मुलांची शाळा बुडणार होती. सीमाभागातल्या घरांना ही अडचण नेहमीचीच. तरी भाऊ तयार झाला, कारण आम्हा मोठ्यांच्या मनात एक बेत होता. आई-बाबांना समजावून परत आणायचे. मुलांना हे सांगितले नव्हते. आज वाटते, सांगायला हवे होते. मुले अशी गोष्ट ओळखतातच आणि मग दोन्हीकडच्या माणसांशी जपून बोलू लागतात.

मी मात्र निघण्याआधी मुलांना एक संध्याकाळ समोर बसवून कुष्ठरोग म्हणजे काय ते सांगितले. तेच इथे लिहिते, कारण पालकांपैकीही बऱ्याच जणांच्या मनात याविषयी गैरसमज आहेत.

हा रोग एका जंतूमुळे होतो. नॉर्वेच्या हॅन्सन या डॉक्टरने १८७३ मध्ये तो शोधला. मागच्या जन्मीचे पाप, शाप, देवीचा कोप यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. तो आनुवंशिकही नाही. उपचार न घेतलेल्या रोग्याच्या नाका-तोंडातून उडणाऱ्या तुषारांवाटे, तेही दीर्घकाळच्या निकट सहवासाने, तो पसरतो. हात मिळवल्याने, शेजारी बसल्याने किंवा एका पंक्तीत जेवल्याने तो होत नाही. शंभरातल्या पंचाण्णव माणसांच्या शरीरात त्याचा प्रतिकार मुळातच असतो. जंतू इतका सावकाश वाढतो की लक्षणे दिसायला सरासरी पाच वर्षे लागतात, कधी वीसही. बोटे रोगाने गळून पडतात असे आपण समजतो, तेही खरे नाही. जंतू मज्जातंतूंना इजा करतो, त्यामुळे हातापायांना स्पर्श कळेनासा होतो. चटका बसला, काटा रुतला तरी समजत नाही. जखमा चिघळत जातात आणि त्यातून बोटे खुजी होतात. तीन औषधांचा एकत्रित उपचार जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचवला. सहा किंवा बारा महिन्यांत माणूस पूर्ण बरा होतो, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि उपचार सुरू होताच थोड्याच काळात रोग दुसऱ्याला लागण्याचा धोका संपतो. तरीही हा रोग घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यात होता. ते कलम संसदेने काढले ते २०१९ साली!

माझ्या आठ वर्षांच्या मुलाने सगळे ऐकून विचारले, "मग आज्जीला ते होणार नाही?" मी नाही म्हटले. "मग मामी का घाबरालीय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

सोबत बेळगावचा कुंदा घेतला आणि आपल्या मळ्यातली दहा किलो रताळी. बाबांनी फोनवर बजावले होते की रताळ्याचे चार वेलही ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा. निपाणीमार्गे कोल्हापूर गाठले. तिथून महाराष्ट्र एक्सप्रेस. मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला करीत दुसऱ्या दिवशी वर्धा. लांबचा पल्ला आहे, लहान मुले कंटाळतात. पत्ते आणि गोष्टींची पुस्तके जवळ असू द्यावीत.

वर्ध्यात एक मुक्काम केला. राष्ट्रभाषा प्रचार समितीमुळे माझ्यासारख्या हिंदीवालीला ते गाव माहेरासारखे. दुसऱ्या दिवशी सकाळी सेवाग्राम पाहिले. गांधीजी इथे १९३६ मध्ये आले. त्यांच्या कुटीपासून जवळच परचुरे शास्त्रींची कुटी आहे. हे संस्कृतचे मोठे पंडित, कुष्ठरोगाने ग्रासलेले. त्यांना आश्रमात ठेवून घेऊन गांधीजी स्वतः त्यांचे अंग चोळून देत. वहिनी त्या कुटीसमोर बराच वेळ उभी राहिली. काही बोलली नाही.

वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे एस.टी.ने वरोरा. आनंदवन गावापासून अगदी जवळ आहे. रस्त्यातच आई-बाबा उभे होते. बाबा बारीक झाले होते, पण चेहरा तुकतुकीत. माझी मुलगी, तेव्हा अकरा वर्षांची, बॅग टाकून पळाली. "आज्जी, काय करालीस गं इथं?" आई म्हणाली, "शाळा. आणि काय येतंय मला?"

आई प्रौढांना अक्षरओळख शिकवत होती. तिचे एक विद्यार्थी साठीचे होते, त्यांच्या उजव्या हाताची बोटे आखूड झालेली. मनगटाला पट्टा बांधून त्यात पेन्सिल खोचून ते लिहीत. माझ्या मुलाने पहिल्या दिवशी नुसते टक लावून पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यानेच पट्टा बांधून दिला. तेव्हा ते काका त्याला म्हणाले, "घट्ट बांध, मला दुखत नाही." मुलाने माझ्याकडे पाहिले. निघण्याआधी सांगितलेले सगळे त्याला त्या क्षणी समजले असावे. मग त्याने पट्टा थोडा सैलच बांधला.

बाबांचे काम पत्रे लिहून देण्याचे. तिथल्या काही माणसांना चाळीस-चाळीस वर्षांत घरून कुणी भेटायला आलेले नाही. तरीही ती पत्रे लिहवून घेतात. बाबा ती लिहितात, पत्ता विचारतात, टपालात टाकतात. उत्तर क्वचितच येते. "मग लिहिता कशाला?" असे भावाने जरा चिडूनच विचारले. बाबा म्हणाले, "फौजेत असताना तुझ्या आईची पत्रे मला महिन्यानं मिळायची. पोचणार की नाही, हे बघून ती लिहीत नव्हती."

परत नेण्याचा विषय तिसऱ्या रात्री निघाला. भाऊ बोलला, मीही बोलले. बाबांची साखर, त्यांचे वय, लोकांची तोंडे, सगळे मांडून झाले. आई शांतपणे म्हणाली, "वर्षाचं कबूल केलंय. मुलं अर्ध्या बाराखडीवर आहेत." ही 'मुले' म्हणजे साठीच्या पुढची मंडळी. आम्ही गप्प बसलो. खरे सांगायचे तर भावाचे समाधान झाले नव्हते आणि आजही पूर्ण झालेले नाही. आपल्या आई-वडिलांचा उरलेला वेळ दुसऱ्यांना जातो आहे असे मुलांना वाटणे चुकीचे आहे, असे मी म्हणणार नाही. माझ्या मुलीनेही परतताना गाडीत रडून विचारले, की आज्जीला आमच्यापेक्षा ती माणसे जास्त आवडतात का.

वहिनीने पहिले दोन दिवस बाटलीतलेच पाणी प्यायले. कुणी तिला बोलले नाही. चौथ्या दिवशी हातमागावरच्या एका बाईंनी तिला हाक मारून चहा दिला. तिने तो प्यायला. एवढेच घडले.

अशा भेटीला जाणाऱ्या पालकांना अनुभवावरून सांगते. आधी संस्थेच्या कार्यालयात पत्राने किंवा फोनने विचारावे, मगच तिकीट काढावे. चार दिवस पुरे होतात, त्याहून जास्त राहिल्यास आजी-आजोबांच्या कामात खोळंबा होतो आणि ते आपल्या आदरातिथ्यात अडकतात. मे महिन्यात चंद्रपूरकडचा उन्हाळा लहान मुलांना सोसणारा नाही, दसरा ते माघ हे दिवस चांगले. माणसांचे फोटो काढू नयेत. मुलांना रोज काहीतरी काम द्यावे, भाजी निवडण्याचे का असेना. नुसती हिंडणारी मुले ते ठिकाण प्राणिसंग्रहालयासारखे पाहू लागतात आणि दोष त्यांचा नसतो.

निवृत्त जोडप्यांनी असे जाणे ही काही आपल्याकडचीच गोष्ट नाही. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथात निवृत्त पती-पत्नी स्वखर्चाने वर्ष-दीड वर्षासाठी दूरदेशी सेवेला जातात. आपल्याकडे वानप्रस्थ हा शब्द जुनाच आहे, फक्त त्या वानप्रस्थाला भेटायला नातवंडांनी रेल्वेने जावे याची सोय पुराणांत केलेली नाही!

आई-बाबा वर्ष पुरे करून २०१७ च्या फेब्रुवारीत परत आले, ठरल्यापेक्षा महिनाभर उशिराच. तोवर त्या चार वेलांची रताळी निघाली होती. बाबांनी त्यातली दोन पिशवीत घालून आणली, आमच्या रताळ्यांशेजारी ठेवून मुलांना दाखवली. तिकडची काळ्या मातीतली, जरा बुटकी होती.

शेवटी पालकांना एक विनंती. पूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत असताना एका मुलाच्या पाठीवर फिकट चट्टा होता. घरच्यांनी तो दोन वर्षे झाकून ठेवला, लोक काय म्हणतील म्हणून. कापूस फिरवला तर त्याला तिथे कळत नव्हते. अखेर आईने धीर करून आम्हाला सांगितले, सहा महिने गोळ्या झाल्या, मुलगा बरा झाला. त्या सहा महिन्यांत तो वर्गात आपल्या जागेवर बसत होता आणि कारण फक्त तिघांना ठाऊक होते. ३० जानेवारीला कुष्ठरोग निवारण दिन असतो. आपल्या मुलाच्या अंगावर असा सुन्न चट्टा दिसला, तर त्या दिवसाची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. कुणाला सोबत हवी असल्यास शाळा सुटल्यावर माझ्या खोलीत यावे, दार लावून बोलू.

— मुख्याध्यापिका