पोलादी पेटीचे बिऱ्हाड आणि संगणकातील हिशेब

उरण-पनवेलच्या बाजूस गेलेल्यांनी रस्त्याच्या कडेला रंगीत पोलादी पेट्यांच्या उतरंडी पाहिल्या असतील. न्हावाशेवाचे बंदर १९८९ साली सुरू झाले आणि ‘कंटेनर’ हा शब्द आपल्याकडे घरोघर झाला. माल्कम मक्लीन या ट्रकच्या धंद्यातील अमेरिकन गृहस्थाने २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ या जहाजावरून अशा ५८ पेट्या न्यूआर्कहून ह्यूस्टनला धाडल्या, तेथपासून सागरी व्यापाराचे रूपच पालटले. परंतु आम्हांला आज बोलावयाचे आहे ते या पेटीच्या दुसऱ्या जन्माविषयी. समुद्रावरची नोकरी संपली की तिची कचेरी होते, उपाहारगृह होते, दवाखाना होतो. कतारमध्ये २०२२ च्या विश्वचषकासाठी बांधलेल्या एका क्रीडागारात तर ९७४ पेट्या वापरल्या होत्या.

पेटी तयारच आहे, दार-खिडकी कापली की झाले घर, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. पेटीवर पेटी रचली की वरचा भार चार कोपऱ्यांच्या खांबांवर येतो. पण भिंतीचा तो नागमोडी पत्रा केवळ आडोसा नव्हे. दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीचा हा पत्रा साऱ्या सांगाड्याला ताठ ठेवतो. त्यात मोठे भोक पाडले की त्याभोवती पोलादी चौकट बसवून गेलेले बळ परत द्यावे लागते. आणि कापलेला पत्रा काही शिंप्याच्या कापडासारखा पुन्हा शिवता येत नाही.

समजा, एका तालुक्याच्या गावासाठी वीस फुटी पेटीचा दवाखाना करावयाचा आहे. आतील रुंदी जेमतेम २.३५ मीटर. उन्हाळ्यात पोलाद तापते म्हणून दोन्ही भिंतींना पाच-पाच सेंटिमीटर उष्णतारोधक थर आणि वर अस्तराची फळी दिली की उरते सव्वादोन मीटरहूनही कमी. त्यात तपासणीचे टेबल, हात धुण्याची जागा, औषधांचे कपाट. एवढ्यात डॉक्टर म्हणतात, खिडकी समोरच्या भिंतीत हवी. मागणी साधी, पण कापणीचा नकाशा बदलतो, चौकट बदलते, विजेच्या नळ्यांची वाट बदलते, किंमत आणि तारीखही बदलते. कचेरीत नवा नकाशा तयार होतो आणि कारखान्याच्या भिंतीवर जुनाच डकवलेला राहतो. वेल्डर बिचारा इमानाने जुन्या खुणेवर पत्रा कापतो. दोष कोणाचा?

संगणकावरील कार्यनियोजनाचे सॉफ्टवेअर येथेच खरे उपयोगी पडते. प्रत्येक नकाशाला क्रमांक असतो. नवा मंजूर झाला की जुना बाद ठरतो आणि कापणाऱ्याच्या हातातील पडद्यावर एकच नकाशा दिसतो. बदल कोणी मागितला, केव्हा मान्य केला, त्याचे किती पैसे वाढले, हे सारे तेथेच नोंदले जाते. गिऱ्हाईक आणि कारखानदार यांच्यात पुढे जी तोंडातोंडी होते, ती बहुधा या एका नोंदीच्या अभावी होते.

दुसरी गोष्ट क्रमाची. वेल्डिंग आधी, फोमचा थर नंतर. हा क्रम उलटला तर ठिणगीने फोम पेटतो आणि बंद पेटीतला त्याचा विषारी धूर माणसाचा जीव घेऊ शकतो. म्हणून ‘वेल्डिंग पूर्ण’ अशी खूण झाल्याखेरीज फोमचे काम उघडणारच नाही, अशी अट सॉफ्टवेअरमध्ये घालता येते. कोणत्या कामाच्या विलंबाने साऱ्या कामाची तारीख ढळते, हे शोधण्याचे गणित १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बसवले गेले. आपल्या लग्नघरातील जाणती बाई ते तोंडी करीत असते: मांडव दुपारी पडला तरी चालेल, चुली मात्र पहाटेच पेटल्या पाहिजेत. तथापि एकाच आवारात आठ-दहा निरनिराळ्या पेट्या उभ्या असल्या, एकच क्रेन आणि दोनच वेल्डर असले, की तोंडी गणित थकते.

तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. पेटीच्या तळाची प्लायवुडची फळी सुमारे २८ मिलिमीटर जाड असते आणि पुष्कळदा तिला किडीविरुद्ध औषध पाजलेले असते. ते कोणते, याची नोंद दाराजवळच्या धातूच्या पट्टीवर सापडते. रूपांतर झालेल्या पेटीला सागरी सुरक्षेची जुनी मंजुरी तशीच लागू राहत नाही, म्हणून पट्ट्या निघतात, किंवा रंगाखाली जातात. मग त्या फरशीवर उद्या रांगणाऱ्या पोराला काय बाधेल, हे सांगणारे कोणीच उरत नाही. याकरिता पेटी आवारात येताच पट्टीचे छायाचित्र आणि पेटीचा क्रमांक नोंदलाच पाहिजे. क्रमांकाच्या शेवटचा आकडा तर पडताळ्यासाठीच असतो: आधीच्या अक्षरांना व आकड्यांना ठरावीक किमती देऊन, त्या गुणून, बेरजेला अकराने भागले की बाकीवरून तो मिळतो. एखादा आकडा चुकून टिपला तर यंत्र बहुधा तिथल्या तिथे हटकते.

एवढे असूनही यंत्र सांगितले तेवढेच जाणते. मुकादमाने आठवड्याच्या साऱ्या नोंदी शनिवारी संध्याकाळी एकदम भरल्या, तर पडद्यावर सर्व आलबेल दिसते आणि आवारात मात्र पेटी गंजत असते. शिवाय पत्रा कोठे पोचला आहे, हे हातोडीच्या आवाजावरून ओळखणारा जुना कारागीर पडद्यावर लिहीत नाही. आमच्या मते त्याला टंकलेखन शिकवण्यापेक्षा त्याचे बोलणे टिपून घेणारा एखादा पोरगा जवळ ठेवावा. सॉफ्टवेअर विकणारे या पोराच्या पगाराचा हिशेब सहसा दाखवीत नाहीत. विकत घेणाऱ्याने तो आधीच धरावा. तसेच पेटी जेथे ठेवावयाची तेथील नगरपालिकेची वा ग्रामपंचायतीची परवानगी, हे काम यादीत पहिले घालावे, कारण क्रेनने उतरवलेला दवाखाना परत उचलायलाही क्रेनच लागते.