जिनलिंगचं फाटक

शांघायमध्ये फादर जॅकिनो नावाचे एक फ्रेंच जेझुइट पाद्री होते. त्यांना एकच हात होता. नोव्हेंबर १९३७ मध्ये चिनी आणि जपानी फौजा एकमेकींना भिडलेल्या असताना या गृहस्थांनी दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांकडे खेटे घातले आणि जुन्या शहराचा एक तुकडा लढाईतून वगळून घेतला. तिथे ना तट होता ना तोफ, होता तो फक्त दोन्ही बाजूंनी दिलेला शब्द. सुमारे अडीच लाख माणसांनी त्या तुकड्यात आसरा घेतला.

ही बातमी नानकिंगला पोचली तेव्हा तिथल्या प्रेस्बिटेरियन मिशनचे प्लमर मिल्स यांनी विचारलं, हे आपल्याकडे का होऊ नये? नानकिंग (आजचं नानजिंग) ही तेव्हा चीनची राजधानी. शांघाय पडल्यावर जपानी लष्कर तिच्याच रोखाने निघालं होतं. सरकार आणि श्रीमंत मंडळी पश्चिमेकडे निघून गेली. ज्यांच्याकडे बोटीच्या तिकिटाचेही पैसे नव्हते, ते गावातच राहिले.

चीन-जपान युद्ध म्हटलं की आपल्याला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात आणि पाठोपाठ शांतारामबापूंचा चित्रपट. पण कोटणीसांचं पथक चीनमध्ये पोचलं ते सप्टेंबर १९३८ मध्ये. जपानी सैन्याने नानकिंगमध्ये केलेला संहार त्याआधीच, १९३७-३८ च्या हिवाळ्यात, होऊन गेला होता. त्या हिवाळ्यात शहरात उरलेल्या परदेशी माणसांची संख्या वीस-पंचवीसच्या घरात होती आणि त्यांतले बहुतेक अमेरिकन मिशनरी होते. वकिलातीने त्यांना बोटीवर चढायला सांगितलं होतं. त्यांनी नकार दिला.

मिल्स यांच्या कल्पनेतून आंतरराष्ट्रीय समिती उभी राहिली. अध्यक्षपद सीमेन्स कंपनीचे जॉन राबे यांच्याकडे गेलं. राबे नाझी पक्षाचे सभासद होते, आणि जर्मनीचा जपानशी करार असल्यामुळे त्यांच्या दंडावरच्या स्वस्तिकाला जपानी सैनिक थोडे तरी बिचकतील असा हिशोब होता. पाद्र्यांनी नाझी अध्यक्ष निवडावा, हे वाचताना आपण अडखळतो; त्या दिवसांत तिथे कोणी अडखळलं नाही. सचिव होते समाजशास्त्राचे प्राध्यापक लुइस स्माइथ, तेही मिशनरीच. शहराच्या पश्चिम भागातला चार चौरस किलोमीटरपेक्षा थोडा कमी प्रदेश सुरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. महापौरांनी जाताना समितीला तांदूळ, पीठ आणि पोलीस देऊ केले, पण पुरेशा मोटारी नसल्याने सगळं धान्य आत आणता आलं नाही. शांघायमधल्यासारखी रीतसर मान्यता जपानने दिलीच नाही. लष्करी गरजेच्या आड येत नसेल तोवर क्षेत्राचा मान राखू, इतकंच मोघम उत्तर आलं. १३ डिसेंबरला शहर पडलं.

क्षेत्रात पंचवीस छावण्या होत्या आणि त्यांत दोन-अडीच लाख माणसं कोंबलेली होती. जिनलिंग महाविद्यालयाची छावणी फक्त बायकामुलांसाठी होती. मुलींना पदवी देणाऱ्या चीनमधल्या पहिल्या महाविद्यालयांपैकी हे एक. प्राचार्य वू यिफांग बऱ्याचशा प्राध्यापकांसह पश्चिमेकडे गेल्या होत्या आणि मागे सूत्रं होती मिनी व्हॉट्रिन यांच्या हाती. इलिनॉयमधल्या एका लोहाराची ही मुलगी १९१२ मध्ये मिशनरी म्हणून चीनमध्ये आली. आता वय एक्कावन्न. त्यांनी २,७५० जणींची सोय धरली होती, आल्या दहा हजारांच्या आसपास. वर्ग, जिने, व्हरांडे, पोटमाळे, जिथे पाठ टेकेल तिथे बायका झोपत. फाटकाजवळ रेडक्रॉसचं पेजेचं स्वयंपाकघर चाले. दहा हजार माणसांच्या शौचाची व्यवस्था काय करायची, हा प्रश्न तर रोज सकाळी नव्याने उभा राही. छळछावण्यांच्या कहाण्यांत आपण बंदुका मोजतो. निर्वासितांची छावणी चालवणाऱ्याला आधी चर खणावे लागतात.

विमानांना दिसावा म्हणून हिरवळीवर मोठा अमेरिकन झेंडा पसरला होता. मला या झेंड्यापाशी थोडं थांबावंसं वाटतं. मिशनरींना चीनच्या अंतर्भागात राहण्याचा, जमीन घेण्याचा आणि चिनी कायद्याबाहेर राहण्याचा हक्क मिळाला तो अफूच्या युद्धांनंतरच्या तहांनी, आणि त्यांतला पहिला, १८४२ चा, याच नानकिंगमध्ये झाला. (ज्या अफूवरून पहिलं युद्ध पेटलं, तिच्यातली बरीच आपल्या मुंबई बंदरातून चढली होती.) या सवलतींचा चिनी माणसाला संताप होता. १९२७ मध्ये याच शहरात सैनिकांनी परदेशी घरं लुटली, तेव्हा नानकिंग विद्यापीठाचे उपाध्यक्ष जॉन विल्यम्स गोळी लागून मेले होते. दहाच वर्षांनी, बळजबरीने मिळवलेला तोच परदेशीपणा हजारो चिनी बायकांच्या डोक्यावरचं छप्पर झाला. व्हॉट्रिन फाटकावर जाऊन सैनिकांना अडवू शकल्या त्या धैर्यामुळे, यात शंका नाही. पण अमेरिकेशी जपानचं युद्ध अजून सुरू झालेलं नव्हतं, म्हणूनही.

हे छप्पर गळकंच होतं. १७ डिसेंबरच्या रात्री सैनिकांनी व्हॉट्रिन आणि नोकरमंडळींना पुढच्या फाटकाशी अडकवून ठेवलं, व्हॉट्रिन यांना थोबाडीत मारली आणि दुसऱ्या टोळीने बाजूच्या दारातून बारा जणींना नेलं. २४ डिसेंबरला एक लष्करी सल्लागार आला. सैनिकांसाठी वेश्यागृह उघडायचं आहे, छावणीतून शंभर वेश्या निवडू द्या, म्हणजे सभ्य घरच्या बायकांना त्रास होणार नाही, असं त्याचं म्हणणं. व्हॉट्रिन यांनी होकार दिला. एकवीस जणी नेल्या गेल्या. या निर्णयाचा न्याय करायला मी बसलेलो नाही. पण ‘सभ्य’ आणि ‘वेश्या’ अशी रेघ मारायची वेळ त्यांच्यावर आली आणि त्यांनी ती मारू दिली, हे त्यांच्या गौरवगाथा लिहिणारे घाईने ओलांडून जातात. समितीची मोठी चूक वेगळीच होती. शस्त्रं टाकून क्षेत्रात शिरलेल्या चिनी सैनिकांना युद्धकैद्यांसारखं वागवलं जाईल, असा भरवसा तिने दिला. जपान्यांनी त्यांना ओढून नेऊन मारलं, आणि त्यांच्याबरोबर हाताला घट्टे पडलेल्या कितीतरी साध्या कामकऱ्यांनाही.

मराठी वाचकाच्या मनात एक प्रश्न येणारच: धर्मांतराचं काय? आत येताना धर्म कोणी विचारला नाही. जानेवारीपासून मात्र आवारात प्रार्थनासभा आणि बायबलचे वर्ग सुरू झाले, चिनी पाद्री प्रवचनं देऊ लागले आणि गर्दीही होई. संकटातल्या माणसापुढे धर्म ठेवणं मला रुचत नाही. गंमत अशी, की त्या बायका व्हॉट्रिन यांना जिवंत बोधिसत्त्व, करुणेची देवी म्हणत. ख्रिस्ताचा निरोप घेऊन आलेल्या बाईला त्यांनी आपल्याच देव्हाऱ्यात बसवून टाकलं.

आसरा देण्याखेरीज समितीचं दुसरं काम कागदाचं. स्माइथ टंकलेखन यंत्रावर एकेका अत्याचाराची नोंद करत, तिला क्रमांक देत आणि ती जपानी वकिलातीत पोचवली जाई. वकिलातीतले काही अधिकारी शरमिंदे होत, पण लष्करापुढे त्यांचं चालत नसे. अशा चारशेहून अधिक नोंदी झाल्या. एपिस्कोपल पाद्री जॉन मगी यांनी गुलोऊ रुग्णालयात १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने जखमी माणसं चित्रित केली. तिथे रॉबर्ट विल्सन हे एकटेच शल्यचिकित्सक अहोरात्र शस्त्रक्रिया करत होते. त्यांचा जन्मच नानकिंगचा, मिशनरी आईवडिलांच्या पोटी. वायएमसीएचे जॉर्ज फिच यांनी ती रिळं कोटाच्या अस्तरात शिवून जपानी सैनिकांनी भरलेल्या आगगाडीतून शांघायला नेली. १९४६ मध्ये टोकियोच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात मगी, विल्सन आणि इतिहासाचे प्राध्यापक सर्ल बेट्स यांनी साक्ष दिली. मृतांचा आकडा त्या न्यायालयाने दोन लाखांच्या वर धरला. चीन तीन लाख म्हणतो.

व्हॉट्रिन तोवर नव्हत्या. मे १९४० मध्ये मन पार खचलेल्या अवस्थेत त्यांना अमेरिकेला नेलं गेलं आणि १४ मे १९४१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. त्यांची रोजनिशी येल विद्यापीठाच्या धर्मशास्त्र ग्रंथालयात आहे.

जिनलिंगच्या त्याच छावणीत, त्याच दिवसांत आणखी एक रोजनिशी लिहिली जात होती. चेंग रुईफांग या साठी ओलांडलेल्या चिनी व्यवस्थापक बाई. परिचारिकेचं शिक्षण घेतलेल्या. बाळंतपणं, तांदूळ, आजारी पोरं, हे सगळं त्यांच्याकडे. त्यांच्याकडे परदेशी पासपोर्ट नव्हता. व्हॉट्रिन यांच्याशेजारी फाटकात उभं राहताना त्यांच्या पाठीशी कुठल्याही वकिलातीचा झेंडा नव्हता. रोजनिशीत त्या जपान्यांवर संतापतात, तशाच शिस्त न पाळणाऱ्या निर्वासितांवर चिडतात आणि व्हॉट्रिन किती थकल्या आहेत, हेही लिहितात. ही वही नानजिंगच्या अभिलेखागारात पडून होती. ती २००१ मध्ये सापडली आणि २०१५ मध्ये नानजिंग संहाराच्या कागदपत्रांबरोबर युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या यादीत गेली.