उसाच्या रसावर धावणाऱ्या गाड्या : ब्राझीलचा धडा आणि आपला धंदा

भिवंडीहून निघालेला कापडाचा ट्रक असो की मंडईतून फळे आणणारा टेम्पो, आपल्या मालाला भाडे लागतेच आणि ते भाडे तेलावर ठरते. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. तिकडे भाव चढला की इकडे भाडे चढते. गिऱ्हाईक मात्र जुन्याच भावाला अडून बसते. मधला तोटा कोणाच्या पदरी पडतो, हे आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांना सांगायला नको. म्हणूनच या फेऱ्यातून बाहेर पडण्याचा प्रयत्न केलेल्या ब्राझीलची हकिकत आम्ही येथे देत आहोत.

ऑक्टोबर १९७३ च्या युद्धात अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि काही महिन्यांतच भाव सुमारे चौपट झाले. ब्राझील तेव्हा आपल्या गरजेचे सुमारे ८० टक्के तेल बाहेरून घेत होता. तेल नव्हते, पण ऊस अमाप होता. नोव्हेंबर १९७५ मध्ये तेथील सरकारने 'प्रोआल्कोल' योजना सुरू केली. कारखान्यांना स्वस्त कर्ज दिले, त्यांचे अल्कोहोल ठरलेल्या भावाने विकत घेतले आणि पंपावर ते पेट्रोलपेक्षा स्वस्त ठेवले. १९७९ मध्ये निव्वळ अल्कोहोलवर चालणारी फियाट मोटार बाजारात आली. १९८० च्या दशकाच्या मध्यास दर दहा नव्या मोटारींपैकी नऊ अल्कोहोलवर चालणाऱ्या होत्या.

यात गॅरेजवाल्यांचीही परीक्षा झाली. अल्कोहोल धातू आणि रबर खाते. कार्बुरेटर, नळ्या, टाकी सारे बदलावे लागले. थंडीत इंजिन सुरू होईना, म्हणून पेट्रोलची छोटी वेगळी टाकी बसवावी लागली. हे काम जे शिकले, त्यांना रोजगाराचा नवा मार्ग मिळाला.

पण पुढे घडी विस्कटली. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले. दशकाच्या अखेरीस साखरेला चांगला भाव आला, तेव्हा कारखान्यांनी अल्कोहोल सोडून साखर काढली. १९८९ मध्ये पंपांवर अल्कोहोल मिळेना. ज्याची मोटार दुसऱ्या कशावर चालतच नव्हती, तो अडकला. एकदा उडालेला विश्वास परत यायला बरीच वर्षे लागली. २००३ मध्ये दोन्ही इंधने, कोणत्याही प्रमाणात, चालणारी मोटार आली तेव्हा गाडी रुळावर आली. अल्कोहोलमध्ये पेट्रोलपेक्षा शक्ती कमी असते. म्हणून तेथील गिऱ्हाईक साधा हिशेब करते : अल्कोहोलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर अल्कोहोल, नाहीतर पेट्रोल.

एक उणीव मात्र राहिली. मोटारी उसावर चालल्या, ट्रक डिझेलवरच राहिले. मे २०१८ मध्ये डिझेलच्या भाववाढीविरुद्ध ट्रकवाल्यांनी सुमारे दहा दिवस संप केला. पंप कोरडे पडले, बाजारात भाजीपाला येईना. अखेर सरकारला डिझेलचा भाव उतरवावा लागला.

आता आपल्याकडे पाहू. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्के झाले आणि २०२५ मध्ये २० टक्के. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना त्यामुळे नवे गिऱ्हाईक मिळाले. परंतु डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल काढण्यावर सरकारने बंधन घातले. पुढच्या वर्षी ते उठवले. ब्राझीलमध्ये १९८९ ला पडलेला पेच तो हाच : ऊस एकच, मागणारे दोन. शिवाय आपल्या देशात डिझेलचा खप पेट्रोलच्या दुपटीहून अधिक आहे आणि मालाचे भाडे डिझेलवर ठरते. म्हणजे पेट्रोलमध्ये कितीही इथेनॉल मिसळले, तरी आपल्या गाठोड्याचे भाडे त्याने उतरणार नाही.

मग करावे काय? आमच्या मते लांबचा माल जेथे जमेल तेथे रेल्वेने पाठवावा. मोठ्या रेल्वेमार्गांवर आता बहुतेक सर्वत्र विजेची इंजिने धावतात. एकाच पेठेतील चार दुकानदारांनी मिळून एक ट्रक भरला, तर अर्धा रिकामा ट्रक पळवण्याचा खर्च वाचतो. गावातल्या गावात माल पोचवण्यासाठी सीएनजीची किंवा विजेची तीनचाकी घेताना केवळ किंमत पाहू नये. रोजचे किलोमीटर, बॅटरी बदलण्याचा खर्च आणि कर्जाचा हप्ता असा पुरा हिशेब मांडावा. आणि ज्यांची मुले गॅरेजमध्ये काम शिकत आहेत, त्यांनी मुलांना इंजिनाबरोबरच मोटर, वायरिंग व बॅटरीचे कामही शिकवावे.

एकाच इंधनावर विसंबणारा अडकतो, मग ते इंधन खनिज तेल असो वा उसाचे अल्कोहोल. एकाच गिऱ्हाइकावर दुकान चालवू नये, हे आपले वाडवडील सांगत आले. वाहतुकीलाही तोच नियम लागू आहे.