गव्हाणीतलं बाळ, कैसराचा हुकूम आणि माफी : नाताळची गोष्ट नेमकी सांगते काय?

डिसेंबर लागला की आपल्या तालुक्यातल्या बऱ्याच गावांत चर्चवर कागदाची मोठी चांदणी चढते. मोबाईलवर शुभेच्छांचे फोटो फिरतात. आपण पण 'मेरी ख्रिसमस' पुढं पाठवून मोकळे होतो. पण नाताळ म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं तर बहुतेकांची गाडी सांताक्लॉज आणि केकवर थांबते. माझीही तिथंच थांबायची.

खरं सांगायचं तर सांताक्लॉज बायबलमध्ये कुठंच नाही. केकही नाही. आहे ती एका गरीब घरातल्या बाळंतपणाची गोष्ट, आणि ती शेतकऱ्याला लवकर कळावी अशी आहे. या गोष्टीत दोन धागे आहेत. एक, देव माणसाची तरतूद कशी करतो. दुसरा, माफी. ते दोन्ही सोप्या भाषेत मांडायचा हा प्रयत्न. मी ख्रिस्ती नाही, पण माझा बांध ज्यांना लागून आहे ते मास्तर ख्रिस्ती आहेत. त्यांचा विषय पुढं येईलच.

आधी गोष्ट थोडक्यात

येशूच्या जन्माची हकीकत बायबलच्या दोन पुस्तकांत आहे. मत्तयाचं शुभवर्तमान आणि लूकचं शुभवर्तमान. साल सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. आजच्या इस्रायल-पॅलेस्टाईनचा मुलूख तेव्हा रोमच्या ताब्यात होता. नासरेथ गावात मरीया नावाच्या मुलीची योसेफ नावाच्या सुताराशी सोयरीक झालेली. लग्न व्हायच्या आधीच देवदूत तिला सांगतो की तुला देवाच्या सामर्थ्यानं मुलगा होईल.

तेवढ्यात रोमचा बादशहा कैसर औगुस्त याचा हुकूम निघतो. सगळ्यांची नावनोंदणी करायची, आणि ती ज्याच्या त्याच्या मूळ गावी जाऊन. योसेफाचं मूळ गाव बेथलेहेम. नासरेथपासून शंभर किलोमीटरच्या वर. दिवस भरत आलेल्या मरीयेला घेऊन तो निघतो. बेथलेहेमात उतरायला जागा मिळत नाही. तिथंच बाळ जन्मतं, आणि त्याला कपड्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवतात.

गव्हाण म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. बैलाला वैरण टाकतो ती. काही अभ्यासक म्हणतात की त्या भागात घराच्याच खालच्या बाजूला रात्री जनावरं बांधत, म्हणून गव्हाण घरातलीच असावी. आपल्याकडं जुन्या माळवदाच्या घरात बैलं आतच असायची, तसंच काहीसं.

पहिला निरोप कुणाला गेला? राजाला नाही, पुजाऱ्याला नाही. रात्री उघड्या रानात मेंढरं राखत बसलेल्या मेंढपाळांना. ते धावत आले आणि बाळ पाहून गेले. पूर्वेकडून ज्ञानी माणसं ताऱ्याच्या खुणेनं आली, त्यांनी सोनं, ऊद आणि गंधरस दिला. ते तिघे होते असं आपण चित्रात बघतो, पण बायबलमध्ये आकडा नाही. भेटी तीन म्हणून माणसं तीन, असं पुढं रूढ झालं.

आणखी दोन गोष्टी. २५ डिसेंबर ही तारीखही बायबलमध्ये नाही. रोममध्ये हा दिवस पाळल्याची नोंद चौथ्या शतकातली आहे. आणि चर्चमध्ये गव्हाणीचा देखावा मांडायची पद्धत नावारूपाला आली ती इटलीतल्या ग्रेचो गावात १२२३ साली संत फ्रान्सिसनं खरी गव्हाण आणि जनावरं ठेवून नाताळ केला तेव्हापासून.

तरतूद म्हणजे नशीब नव्हे

आता पहिला धागा. हुकूम सोडणारा कैसर हजारो किलोमीटरवर रोममध्ये. त्याला पाहिजे होती माणसांची यादी आणि पट्टी. नासरेथच्या एका सुताराचं त्याला काय पडलेलं? पण जुन्या काळी मीखा नावाच्या संदेष्ट्यानं लिहून ठेवलं होतं की राज्य करणारा बेथलेहेमातून निघेल. मरीया राहत होती नासरेथला. तिला बेथलेहेमला नेलं कुणी? बादशहाच्या हुकमानं.

ख्रिस्ती माणूस हिला देवाची तरतूद म्हणतो. माणूस आपापल्या हिशेबानं चालतो, कधी लोभानं, कधी जुलमानं. तरी देव त्यातूनच आपलं काम पुढं नेतो. हे आपल्या 'नशिबात लिहिलंय' यापेक्षा वेगळं आहे. नशीब कुणाची काळजी करत नाही. तरतूद करणारा कुणीतरी बाप असावा लागतो. घरात बी-भरणाची आधीच सोय करून ठेवणारा म्हातारा असतो, तसा.

ही तरतूद थाटाची नव्हती, हेही लक्षात घ्या. मूल झाल्यावर मंदिरात अर्पण द्यायचा तिथला नेम होता. ऐपत असलेल्यानं कोकरू द्यायचं, गरिबानं दोन पाखरं. लूकनं या घरासाठी पाखरांच्या अर्पणाचाच नियम लिहून ठेवलाय. म्हणजे ज्या घरात देवाचा पुत्र आला असं ख्रिस्ती लोक मानतात, त्या घराची कोकराचीही ऐपत नव्हती.

योसेफाचा निर्णय

दुसरा धागा माफीचा, आणि तो योसेफापासून सुरू होतो.

मरीया गरोदर आहे हे कळल्यावर योसेफाच्या मनात काय आलं असेल? तिथं सोयरीक म्हणजे जवळजवळ लग्नच होतं, मोडायची तर सोडचिठ्ठी द्यावी लागे. जुन्या नियमशास्त्रात अशा प्रकरणाला दगडमाराची शिक्षा लिहिलेली. गावासमोर तिला उभी करायचा हक्क त्याच्याकडं होता. मत्तय सांगतो की योसेफ नीतिमान होता आणि तिची बेअब्रू करायची त्याची इच्छा नव्हती. त्यानं गुपचूप सोडायचं ठरवलं.

इथं थोडं थांबा. हा निर्णय त्यानं देवदूत स्वप्नात यायच्या आधी घेतला. म्हणजे आपल्याशी दगा झालाय असं त्याला वाटत होतं, तेव्हाच त्यानं सूड सोडून दिला. स्वप्न नंतर पडलं. आणि त्या स्वप्नात कळलं काय, तर मरीयेचा दोषच नव्हता. जिला सांभाळून घ्यायला निघालो ती निर्दोष निघाली. त्यानं आधी दगड उचलला असता तर? मग गोष्ट तिथंच संपली असती.

जुन्या करारात आणखी एक योसेफ आहे. दोघांच्याही बापाचं नाव याकोब, दोघांनाही स्वप्नातून संदेश, आणि दोघंही शेवटी इजिप्तला पोचतात. पहिल्या योसेफाला सावत्र भावांनी विकलं. पुढं तो इजिप्तचा कारभारी झाला, सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात साठवला आणि नंतरच्या सात वर्षांच्या दुष्काळात तेच धान्य कामी आलं. भाऊ दाणे मागायला आले. त्यानं त्यांना धान्य दिलं आणि माफही केलं. त्याचं म्हणणं असं की तुम्ही माझं वाईट योजलं, पण देवानं त्यातून पुष्कळांचा जीव वाचवायचं योजलं. तरतूद आणि माफी या दोन गोष्टी बायबल अशी एकाच दावणीला बांधतं.

नावातच माफी आहे

देवदूतानं योसेफाला बाळाचं नाव ठेवायला सांगितलं, येशू. अर्थ साधारण असा की परमेश्वर तारतो. कशापासून? लोकांना पाहिजे होतं रोमच्या जाचातून, करातून सुटका. देवदूत सांगतो पापांपासून. शत्रू बाहेर आहे असं सगळ्यांना वाटत होतं, आणि गोष्ट बोट दाखवते आतल्या बाजूला.

मत्तयानं सुरुवातीला येशूची वंशावळ दिलीय. आपण वंशावळ सांगताना चांगली चांगली नावं सांगतो. मत्तयानं मात्र झाकलं नाही. वेश्या म्हणून ओळखली गेलेली राहाब त्यात आहे. दावीद राजानं ज्याची बायको घेतली आणि ज्याला लढाईत मारवलं, त्या उरियाचंही नाव त्यात आहे. हे घराणं माफी लागणाऱ्यांचंच आहे, हे पहिल्याच पानावर लिहून टाकलंय.

आणि ख्रिस्ती श्रद्धेत गव्हाणीची गोष्ट गव्हाणीपाशी संपत नाही, वधस्तंभापर्यंत जाते. लूक सांगतो की खिळे ठोकणाऱ्यांसाठीही येशूनं देवाकडं क्षमा मागितली. म्हणून चर्चमध्ये नाताळला पाळण्यातल्या बाळाबरोबर क्रूसाचीही आठवण काढतात.

मग बेथलेहेमच्या लेकरांचं काय?

हा प्रश्न मी मास्तरांना विचारला होता. कारण गोष्टीत एक काळा भागही आहे. नवा राजा जन्मला हे ऐकून हेरोद राजा घाबरला आणि त्यानं बेथलेहेम आणि आसपासची दोन वर्षांच्या आतली मुलं मारायचा हुकूम दिला. योसेफ स्वप्नातल्या इशाऱ्यानं बायको-लेकरू घेऊन रातोरात इजिप्तला निघून गेला. येशू वाचला. बाकीची लेकरं? देवाची तरतूद त्यांच्यासाठी कुठं होती?

मास्तर म्हणाले, "याला माझ्याकडं उत्तर नाही. मत्तयाकडं पण नाही. त्यानं फक्त आयांचं रडणं लिहून ठेवलंय, ते खोडलं नाही. आणि हे देवानं केलं असं तो म्हणत नाही. केलं ते हेरोदानं."

मला हे पटलं. गारपिटीत ज्याची बाग आडवी झाली, त्याच्या बांधावर जाऊन 'देवाची काहीतरी योजना असेल' असं म्हणू नये. त्याच्याजवळ बसावं. या गोष्टीतला देवही, ख्रिस्ती लोकांच्या मते, रडणाऱ्यांजवळ येऊन बसतो, परक्या मुलखात पळालेल्या कुटुंबात वाढतो. मत्तयानं त्याचं आणखी एक नाव दिलंय, इम्मानुएल, म्हणजे देव आमच्यासंगं.

आता माझ्या बांधाची गोष्ट

मास्तरांचं आणि आमचं रान लागून. काही वर्षांपूर्वी मला वाटायला लागलं की ते बांध कोरतात. मी चार लोकांत बोललो, तोंड सोडून बोललो. सहा वर्षं बोलणं बंद. पण त्या सहाही वर्षी २५ डिसेंबरला त्यांच्या घरून ताट आलं. करंज्या, शंकरपाळ्या, केकचे दोन तुकडे. मी हात लावायचो नाही. माझी आई मात्र ताट घ्यायची आणि रिकामं परत जाऊ नये म्हणून त्यात मूठभर साखर घालून द्यायची.

शेवटी मास्तरांनी पैसे भरून मोजणी आणली. खुणा झाल्या. बांध सरकलेला होता खरा, पण त्यांच्या रानात. दरवर्षी आमच्याच ट्रॅक्टरनं एकेक तास पलीकडं घेतलं होतं. वर कांगावा मीच केला होता.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, "मास्तर, चूक माझी होती."

ते म्हणाले, "बस. चहा घे. उद्या दगड रोवू, एक टोक तू धर."

मी विचारलं, सहा वर्षं ताट का पाठवलं? ते म्हणाले, "अरे, तू माफी मागायची वाट बघत बसलो असतो, तर सहा वर्षं राग सांभाळावा लागला असता. या वयात तेवढं ओझं झेपत नाही. पण मोजणी मी सोडली नाही, हे पण लक्षात ठेव."

माफी म्हणजे खरं-खोटं सोडून देणं नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं. दगड जिथं पाहिजे तिथंच रोवला गेला. मनातला राग मात्र त्यांनी सहा वर्षं आधीच काढून टाकला होता. योसेफानं स्वप्नाच्या आधी केलं, तसं.

आपल्या जिल्ह्याशी जुनं नातं

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. रेव्हरंड नारायण वामन टिळक नगरला राहिले. त्यांनी येशूच्या चरित्रावर 'ख्रिस्तायन' हे काव्य लिहायला घेतलं आणि त्यांच्या मागे लक्ष्मीबाई टिळकांनी ते पुरं केलं. पंडिता रमाबाईंनी दौंड तालुक्यातल्या केडगावात राहून मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून सोप्या मराठीत बायबल आणलं. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण आता तो आपलाच झालाय.

तेव्हा या वेळी स्टेटस ठेवून थांबू नका. गावात ख्रिस्ती घर असेल तर जाऊन या, गव्हाणीचा देखावा बघा, लेकरांना दाखवा. ताट आलं तर रिकामं परत पाठवू नका.

आणि ज्याच्याशी तुमचं बांधावरून बोलणं बंद आहे, त्याच्याकडं जायला मोजणीची वाट बघू नका. मी बघितली. सहा वर्षांच्या करंज्या गेल्या.