एक तारीख, दोन माणसे

गेल्या वर्षी आमच्या ग्रंथालयाबाहेरील फळ्यावर रोजचा 'दिनविशेष' लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. अक्षर बरे आहे, एवढीच माझी पात्रता. रोज सकाळी पहिल्या तासाच्या आधी यायचे, कालचे पुसायचे, आजचे लिहायचे. १ ऑगस्टला मी एकाखाली एक दोन ओळी लिहिल्या : लोकमान्य टिळक पुण्यतिथी (१९२०), अण्णा भाऊ साठे जयंती (१९२०). खडू खाली ठेवते तोच मागून एका मैत्रिणीने विचारले, "दोन्हीकडे १९२० कसे गं? एक साल चुकलंय तुझं."

मला उत्तर देता येईना. तास बुडवून मी आत गेले आणि पुस्तके काढली. चूक नव्हती. ज्या दिवशी मुंबईच्या सरदारगृहात टिळकांनी देह ठेवला, त्याच दिवशी वाळवे तालुक्यातल्या वाटेगावी मातंग वस्तीत अण्णा भाऊ जन्मले. एकाच्या अंत्ययात्रेला मुंबई लोटली. दुसऱ्याच्या जन्माची वाटेगावाबाहेर कुणाला वार्ताही नसेल. शाळेत जेमतेम दीड दिवस गेले असे ज्यांच्याविषयी सांगतात, त्या अण्णा भाऊंनी पुढे 'फकिरा' लिहिली. आपण आपल्या मनाने टिळक आणि अण्णा भाऊ यांना एका ओळीत बसवले नसते. तारखेने बसवले.

त्या दिवसापासून मला या जोड्यांचा नादच लागला. टिळकांची जन्मतारीख २३ जुलै (१८५६), तीच चंद्रशेखर आझादांची (१९०६). चार्ल्स डार्विन आणि अब्राहम लिंकन तर एकाच दिवशी, १२ फेब्रुवारी १८०९ रोजी जन्मले. एक इंग्लंडमधल्या सुखवस्तू डॉक्टरच्या घरी, दुसरा केंटकीतल्या लाकडी खोपटात. सर्वांत नवलाची जोडी अमेरिकेचीच. जॉन ॲडम्स आणि थॉमस जेफर्सन हे तिथले दुसरे आणि तिसरे राष्ट्राध्यक्ष. दोघेही ४ जुलै १८२६ रोजी काही तासांच्या अंतराने वारले, आणि ज्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यासाठी दोघे झटले त्याला त्याच दिवशी बरोबर ५० वर्षे पूर्ण होत होती. पाच वर्षांनी, १८३१ साली, पाचवे अध्यक्ष जेम्स मन्रो हेही ४ जुलैलाच गेले.

असे काही वाचले की आपण पटकन म्हणतो, "यात काहीतरी संकेत असला पाहिजे!" मीही म्हटले. परंतु आमच्या तर्कशास्त्राच्या सरांनी मला एक गणित घातले. ते म्हणाले, "एका खोलीत किती माणसे असली म्हणजे त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होईल?" वर्षाचे दिवस ३६५, म्हणून मी सांगितले, १८३. सरांनी उत्तर दिले, २३!

माझा विश्वास बसेना. मग त्यांनी फळ्यावर मांडून दाखवले. पहिल्या माणसाची तारीख कोणतीही असो. दुसऱ्याने ती टाळायची तर त्याला ३६४ दिवस मोकळे, तिसऱ्याला ३६३, चौथ्याला ३६२. प्रत्येकाला ३६५ ने भागून हे अपूर्णांक गुणत गेले की २३ व्या माणसापाशी गुणाकार निम्म्याच्या खाली येतो. म्हणजे सगळ्यांच्या तारखा वेगळ्या असण्याची शक्यता निम्म्याहून कमी उरते. खोच अशी की आपण माणसे मोजतो, पण मोजायच्या असतात जोड्या, आणि २३ माणसांत जोड्या होतात २५३. पन्नास जणांच्या वर्गात ही शक्यता ९७ टक्क्यांवर जाते. मी आमच्या वर्गात विचारून पाहिले. ५२ जणांत दोन जोड्या निघाल्या, आणि त्यांतल्या एका जोडीतले दोघे तर एकमेकांशी बोलतही नव्हते.

बावन्न जणांत ही गत, तर इतिहासातल्या हजारो थोरांत जोड्या न सापडत्या तरच नवल. स्टीफन हॉकिंग ८ जानेवारी १९४२ ला, म्हणजे गॅलिलिओच्या मृत्यूनंतर बरोबर ३०० वर्षांनी जन्मले, आणि १४ मार्च २०१८ ला, आइन्स्टाइनच्या जन्मतारखेला वारले. यातल्या पहिल्या योगायोगाविषयी हॉकिंग यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की, त्या दिवशी आणखी सुमारे दोन लाख मुले जन्मली असतील. त्या दोन लाखांची आठवण आपण ठेवत नाही. जुळलेले तेवढे लक्षात राहते, न जुळलेले गळून पडते.

पण खरी गंमत पुढेच आहे. काही जोड्या मुळात जोड्याच नसतात. शेक्सपिअर आणि सर्व्हांतेस हे दोघे महालेखक २३ एप्रिल १६१६ रोजी वारले असे आपण सर्रास वाचतो. युनेस्कोने १९९५ साली २३ एप्रिल हा जागतिक ग्रंथदिन ठरवला तो याच आठवणीने. परंतु स्पेनने १५८२ सालीच नवे ग्रेगरीय पंचांग घेतले होते आणि इंग्लंड मात्र १७५२ पर्यंत जुन्या ज्यूलियन पंचांगाला धरून बसले. त्या वेळी दोहोंत दहा दिवसांचा फरक होता. शेक्सपिअर गेला तेव्हा स्पेनमध्ये ३ मे उजाडला होता. सर्व्हांतेस तर बहुधा २२ लाच वारला, २३ ही त्याच्या दफनाची नोंद. तीच कथा न्यूटनची. 'गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला' हे वाक्य गॅलिलिओची तारीख नव्या पंचांगातून आणि न्यूटनची जुन्या पंचांगातून घेतली तरच खरे ठरते. न्यूटनचा २५ डिसेंबर १६४२ हा नव्या गणनेने ४ जानेवारी १६४३ होतो.

आपल्याकडे तर हा पेच घरोघरी आहे. तिथीचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, तारखेचे ३६५ चे. अधिक महिना मध्ये येऊन मेळ घालतो, तरी वाढदिवसाची तिथी नि तारीख साधारण एकोणिसाव्या वर्षी पुन्हा एकत्र येतात, फार तर एखाद्या दिवसाचा फरक पडतो. मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांचे तेच वय आहे, घरी पंचांग काढून पाहा! शिवजयंतीचा वाद तुम्हां सर्वांना ठाऊक आहे : १६२७ चा वैशाख की १६३० चा फाल्गुन? त्यात नोंद घेण्याजोगी गोष्ट ही की १९०० साली 'केसरी'त १६२७ च्या बाजूने लिहिणाऱ्या टिळकांनीच १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली, आणि फाल्गुनाचा पुरावा तीत निघाला. आणि टिळकांचाही दिवस पाहा. ते गेले मध्यरात्र उलटल्यावर. घड्याळाने रविवार, १ ऑगस्ट लागला होता. पण आपला जुना वार सूर्योदयाला बदलतो. त्या हिशेबाने ती शनिवारचीच रात्र होती. म्हणजे ज्या जोडीपासून मी सुरुवात केली, तीही घड्याळाच्या मेहेरबानीने जुळलेली!

हे सारे मी सुट्टीत आजोबांना मोठ्या उत्साहाने सांगितले. आजोबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "माझी तारीख सांग बघू." मी म्हटले, "१ जून १९४७." ते हसले. "आमच्या गावच्या पारावर सात म्हातारे बसतो. पाच जणांची १ जूनच आहे. बसव तुझं गणित!"

पणजी सांगायची, गांधीबाबा गेले त्या साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हा झाला. म्हणजे १९४८ च्या सप्टेंबरचा पहिला आठवडा. पण शाळा जूनमध्ये उघडे आणि वय तर भरले पाहिजे, म्हणून गुरुजींनी अंदाजाने १ जून घातली आणि वर्षही एक मागे नेले. त्या एका ओळीमुळे आजोबा ३१ मे २००५ ला निवृत्त झाले, खऱ्या वयाच्या सोळा महिने आधी. त्या वेळी माझ्या आत्याचे लग्न ठरलेले होते. सोळा महिन्यांचा पगार म्हणजे काय, हे आजीला विचारावे.

मी रागावून म्हटले, "त्या गुरुजींनी असं कसं केलं?" आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मीही केलंय. आई मूल घेऊन यायची, म्हणायची, 'लई पाऊस होता तवा झाला.' हजेरीपट बंद करायचा असायचा. मी १ जून लिहायचो. किती पोरांना लिहिली, मोजली नाही."

तेव्हापासून फळ्यापुढे उभी राहिले की माझा हात थोडा थांबतो. तारीख आकाशातून पडत नाही. ती कुणीतरी, कोणत्यातरी पंचांगाने, कधी काळजीने तर कधी घाईने लिहिलेली असते. थोरांच्या तारखा जुळल्या म्हणून त्यांच्या नशिबात नाते शोधू नये. पण दोन नावे शेजारी आलीच आहेत तर दोन्ही वाचावीत, एवढा उपयोग त्या योगायोगाचा जरूर करावा. टिळकांसाठी थांबलेल्या माझ्या मैत्रिणीने त्या आठवड्यात ग्रंथालयातून 'फकिरा' नेली.

१ जूनला महाविद्यालयाला सुट्टी असते आणि फळा कोराच राहतो. यंदा मी आधल्या दिवशीच येऊन लिहून ठेवणार आहे : ज्यांची खरी तारीख कुणी लिहून ठेवली नाही, त्या सर्वांचा वाढदिवस. आजोबांना विचारले, चालेल ना? ते म्हणाले, "चालेल. खाली कंसात 'अंदाजे' लिही."